मेनजारस के, टोकियो: कावादाच्या हातचं रामेन

टोकियोला गेल्यावर लोक शिबुया नि असाकुसा करतात, आपण आधी सेतागाया हा टोकियोचाच एक भाग गाठला कारण तिथे मेनजारस के नावाच्या रामेनच्या (सूपातल्या जपानी नूडल्सच्या) दुकानात गल्ल्यावर नाही तर चक्क किचनमध्ये, कढईसमोर, एकेकाळचा नामी प्रो-रेसलर तोशिआकी कावादा उभा असतो. दुकान काही स्टेशनला लागून नाहीये, सेइजोगाकुएन-माए ला उतरून चांगलं चालावं लागतं, म्हणजे जाता जाता डोकावू असं जमत नाही, ठरवूनच जायचं.

ज्यांना कावादा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६३ चा जन्म, तोचिगीचा. शाळेच्या कुस्ती क्लबमध्ये मित्सुहारू मिसावा हा कावादाला एक वर्ष सिनियर, मिसावा ऑल जपान या प्रो-रेसलिंग कंपनीत गेला म्हणून हाही मागोमाग गेला, १९८२ ला डेब्यू. आणि मग आयुष्यभर त्याच मिसावाच्या मागे! मिसावा, कावादा, कोबाशी, ताउए ही ९० च्या दशकातली चौकडी, टोकियोचं बुदोकान स्टेडियम हाउसफुल करायची. ३ जून १९९४ ची मिसावा-कावादा मॅच बघितली नसेल तर हा रिव्ह्यू सोडा आणि आधी ती बघा. त्यात कावादा हरतो, पण हरतो कसा ते बघण्यासारखंय, मार खाऊन पाय लटपटतायत, डोळे कुठेतरी भलतीकडे, तरी गडी उठतोच. मिसावाला पहिल्यांदा पिन केलं (म्हणजे खांदे टेकवून हरवलं) ते १९९५ ला, तेही टॅग मॅचमध्ये, म्हणजे जोडी विरुद्ध जोडी, ताउएला जोडीला घेऊन. जानेवारी १९९९ ला तर मिसावाला मारताना स्वतःचाच हात मोडला, तसाच लढला, ट्रिपल क्राउन हा ऑल जपानचा सर्वात मोठा किताब जिंकला आणि दुखापतीमुळे लगेच सोडावा लागला. नशीब म्हणतात ते हेच.

२००० साली मिसावा जवळजवळ सगळी कंपनी घेऊन बाहेर पडला आणि नोआ ही नवी रेसलिंग कंपनी काढली, तेव्हा जपानी पैलवानांपैकी मागे राहिले ते फुची आणि हा. २००९ ला मिसावा मॅच चालू असताना रिंगमध्येच कोसळला आणि वारला. पुढच्याच वर्षी कावादाने हे दुकान काढलं, आणि त्याच वर्षीपासून रिंगमध्ये उतरणंही बंद.

आता खाण्याचं. कराआगे (जपानी पद्धतीचं तळलेलं चिकन) आधी मागवा, ते चुकवू नका. चिकनचे मोठे तुकडे, वरचं कव्हर दाताखाली कुर्रकन मोडतं आणि आतून रस येतो, तोंड भाजेल म्हणून जरा थांबा (मी थांबलो नाही). मग करी रामेन. पांढरट दाट सूप, त्यात करी, आणि ते नूडल्सला असं चिकटून येतं की शेवटी वाटीत फारसं काही उरत नाही. आपल्या तिखटाच्या अपेक्षेने जाऊ नका, हा जपानी करीचा गोडसर प्रकार आहे, पण सूपमुळे अंग आहे त्याला. शाकाहारी मंडळींनी मात्र फक्त दर्शनाला जावं.

माणूस गप्प. ज्याच्या लाथांनी लोकांचे दात हलले तो मान खाली घालून तेलातला तुकडा उलटतोय, झाऱ्याने उचलतो, निथळू देतो, परत बघतो, हे मी सूप थंड होईपर्यंत बघत बसलो होतो. फॅन म्हणून हुल्लड करायची जागा नाही ही, माणूस काम करतोय, आधी नीट जेवा.

आणि हे नावावर चाललेलं दुकान आहे असं कुणी म्हणालं तर मला नाही पटत. दुकान चालू ठेवायला स्वतःच्या मर्सिडीज विकल्या असं त्याने स्वतःच सांगितलंय, रामेनचा धंदा काढू नका असं इतरांना बजावतो आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षं कढई सोडत नाही. नुसतं नाव बघायला लोक एकदा येतात हो, दुसऱ्यांदा कराआगेसाठीच येतात.

निघायच्या आधी त्या दिवशी दुकान उघडं आहे का ते बघून घ्या, एवढं चालून शटर बघायला नको. पोट रिकामं ठेवा आणि दोघं असाल तर एकाने करी, एकाने साधं घ्या. कराआगे मात्र शेअर करू नका, भांडणं होतात.