घरी काढलेलं माक्याचं तेल, पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरून

माक्याच्या तेलाने खरंच फरक पडतो का असं बरेच जण विचारतात. मी गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोनदा रात्री लावतेय आणि मला पडला, पण कशात पडला ते नीट ऐका. थंडीत डोकं कोरडं पडून पापुद्रे सुटायचे ते यंदा जवळपास नाहीच, विंचरताना केस तुटायचे तेही बरंच कमी झालं आणि लावून झोपलं की डोकं एकदम शांत होतं. पांढरे केस मात्र पांढरेच आहेत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अकाली पिकणाऱ्या केसांवर माका सांगितलाय हे खरं, पण अष्टांगहृदयात तर महिनाभर रोज रस प्यायचा आणि दुधावर राहायचं असा रसायनविधी (शरीराला बळ देणारा उपचार) आहे, तो वैद्याला विचारल्याशिवाय कुणी करू नका प्लीज, आणि नुसत्या वरून लावायच्या तेलाकडून तेवढी अपेक्षाही ठेवू नका.

खरी मेख आहे ती झाड ओळखण्यात. माका ओलीत येतो, भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, फुलं पांढरी बारीक, पानं खरखरीत, आणि पान तळहातावर चुरगाळलं की हिरवा रस थोड्या वेळात काळा पडतो. कोरड्या रस्त्याकडेला लांब दांडीवर एकेकटं फूल असतं ती एकदांडी, तिला माका समजून उपटून आणणारे खूप बघितलेत. गणपतीत पत्रीच्या जुडीत मिळतो तो खराच माका असतो पण एवढ्याशा डहाळीने काय होणार, मी भोरकडच्या मावशीकडून पोतंभर मागवला.

प्रमाण शार्ङ्गधराचं, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराचं: कल्क (वाटलेला पाला) एक भाग, तेल चार, रस सोळा. म्हणजे पाव लिटर तिळाच्या घाणीच्या तेलाला लिटरभर रस आणि साधारण साठ ग्रॅम वाटलेला पाला. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि तळाला लागू नये म्हणून सारखं ढवळत राहायचं, इथे घाई केली की पाणी राहतं आणि तेलाला खवट वास येतो. शेवटी फेस वर येतो, कल्काची बोटांत वळून वात होते आणि ती विस्तवावर धरली की तडतडत नाही, तिथे गॅस बंद आणि गरम असतानाच फडक्यातून गाळायचं.

विकतची दोन-तीन तेलं मी आधी वापरलीत, त्यातल्या एकावर घटकांत पहिलंच नाव लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, होतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. डोक्यात चिकट पिवळट कोंडा असेल तर कुठलंच तेल थापू नका, आधी डॉक्टरला दाखवा. वास उग्र आहे, हिरवट, माझ्या मुलीला अजून आवडत नाही, आणि उशीला जुनाच अभ्रा घाला कारण डाग अजिबात निघत नाही.