की लार्गोचा पाण्यातला येशू: स्नॉर्कल पुरे आहे, टाकी दुसरीकडे वापरा

आधी निकाल सांगते, घाईत असलेल्यांनी तेवढाच वाचला तरी चालेल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की लार्गो' नावाच्या बेटाजवळ समुद्राखाली उभा असलेला ब्राँझचा येशू, म्हणजे 'क्राइस्ट ऑफ द अबिस', बघायचा असेल तर स्नॉर्कलिंगचं, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत बघायचं, तिकीट काढा. स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खाली उतरायला शिकल्याचं, कार्ड खिशात असलं तरी स्नॉर्कलिंगचंच. टाकीचे पैसे मोलॅसेस रीफवर घाला (रीफ म्हणजे पाण्याखालचा कोरलचा, प्रवाळाचा खडक), तिथे ते वसूल होतात. आणि बुकिंगवाल्याने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय घरातून निघू नका.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते, तर माझं माहेर मालवण. डायव्हिंग शिकले ती तारकर्लीला, एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत. आता मुक्काम ऑरलँडोला, तिथून की लार्गो गाडीने साधारण पाच तास. नवरा नाशिकचा, त्याचा समुद्राशी संबंध तळलेल्या सुरमईपुरता. म्हणजे घरात दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक आहे, आणि दोघांनी एकच मूर्ती दोन तऱ्हांनी बघितली आहे.

ही मूर्ती मुळात इटालियन. ग्विदो गॅलेत्ती या शिल्पकाराच्या साच्यातून निघालेली पहिली मूर्ती 1954 च्या ऑगस्टमध्ये इटलीत सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत सोडली गेली. 1947 मध्ये दारिओ गोंझात्ती हा इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या स्कूबा डायव्हरांपैकी एक तिथे जवळच बुडून गेला, आणि त्याचा मित्र दुइलिओ मार्कान्तेच्या डोक्यातून ही कल्पना आली. ग्रेनाडात एक मूर्ती आहे, ती 'बियांका सी' या जळालेल्या जहाजावरच्या लोकांना गावाने वाचवलं म्हणून जहाज कंपनीने दिलेली भेट. की लार्गोची मूर्ती क्रेसी या डायव्हिंगचं सामान बनवणाऱ्या इटालियन घराण्याने अमेरिकेतल्या डायव्हरांच्या संघटनेला दिली आणि 1965 च्या ऑगस्टमध्ये ती 'की लार्गो ड्राय रॉक्स' नावाच्या रीफवर उभी राहिली. उंची अडीच मीटरच्या थोडी वर, वजन चार हजार पाउंड, खाली काँक्रीटचा जाडजूड चौथरा.

आम्ही ही मूर्ती बघायला निघालो तेव्हा सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे विसर्जन करून ठेवलाय आणि आता वर्षानुवर्षं दर्शनाला जातात?" मी म्हटलं, आई, अगदी तसंच. "मग पुढच्या वर्षी लवकर या म्हणायची सोयच नाही," यावर नवरा इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

मुद्द्यावर येते. पाण्याची खोली तिथे साधारण साडेसात-आठ मीटर. मूर्तीचे दोन्ही हात वर पसरलेले, तळवे उघडे, चेहरा पूर्ण वर वळलेला. हात पृष्ठभागापासून तीनेक मीटरवरच येतात. म्हणजे ती घडवलीच आहे वरून बघायला. स्नॉर्कल तोंडात धरून तुम्ही पाण्यावर पालथे पडलात की तो थेट तुमच्याकडे बघतो. मी टाकी लावून खाली गेले तेव्हा चौथऱ्याजवळून मला दिसली ती हनुवटी, नाकपुड्या आणि झग्याच्या चुण्या. चेहरा बघायला परत वरच यावं लागलं. वर येऊन बघते तर नवरा लाइफ व्हेस्ट फुगवून, ज्याला मी घरी चेष्टेने टायर म्हणते, आरामात तरंगत होता आणि त्याला सगळं माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा नीट दिसलं होतं. त्याने ते नंतर दोन दिवस ऐकवलं.

स्कूबाला तिथे काहीच नाही असं मात्र नाही. इतक्या कमी खोलीवर हवा पुरून उरते, त्यामुळे घाई नसते. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना रीफच्या लांब भिंती समुद्राकडे पसरल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या वाळूच्या गल्ल्या. त्या गल्ल्यांतून पोटाला वाळू न लावता सरकत जायला मजा येते. वाळूत अर्धवट पुरून घेतलेला स्टिंग रे हा चपटा मासा मला तिथेच दिसला, फक्त डोळे बाहेर. जवळच ब्रेन कोरलचे मोठाले गोळे आहेत, ते वरूनही दिसतात, पण त्यांच्या नागमोडी घड्या बघायच्या तर शेजारी जाऊन थांबायला हवं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो येशूसमोर नाही, त्याच्या चौथऱ्यापाशी. काँक्रीटच्या उभ्या बाजूवर तळहाताएवढा जांभळा डाग होता. जवळ गेले तर तो डाग नव्हताच, सार्जंट मेजर माशाची अंडी होती, हजारोंनी, एकमेकांना चिकटून. हे पिवळे-काळे पट्टेवाले मासे तिथे ढिगाने असतात, पण अंड्यांवर पहाऱ्याला असलेला नर वेगळा दिसतो. त्याचा पिवळा रंग जाऊन अंगावर गडद निळी झाक येते. हा पठ्ठ्या माझ्या बोटाएवढ्या उंचीचा, आणि मी मास्क जवळ नेला की सरळ काचेवर धडक. मागे सरकले की परत जाऊन अंड्यांवर पंखांनी वारा घालायचा. एक पॅरटफिश सहज तिकडून गेला तर त्यालाही याने पळवून लावलं. हे दृश्य मात्र वरून तरंगणाऱ्याला दिसत नाही. तेव्हा माशांचं वेड असेल तर टाकीचे पैसे अगदीच वाया नाहीत, एवढी सूट देते.

मूर्तीला हात लावू नका. सगळे सांगतात, तरी कोणीतरी फोटोसाठी हातात हात द्यायला जातोच. तिच्यावर जागोजागी फायर कोरल उगवलं आहे. रंग मोहरीसारखा पिवळट-तपकिरी, टोकं पांढुरकी. हे नावाला कोरल, जातीने जेलीफिशच्या जवळचं, आणि लागलं की कातडीवर भाजल्यासारखी जळजळ होऊन पुरळ उठतं. आमच्या बोटीवरच्या एका कॉलेजच्या पोराने शेकहँड केलाच. उरलेला वेळ तो व्हिनेगरची बाटली घेऊन बसला होता. शिवाय ही जागा फ्लोरिडा कीज (ही इथली बेटांची रांग) मरीन सँक्च्युअरीच्या, म्हणजे समुद्री अभयारण्याच्या, राखीव पट्ट्यात येते, तिथे कोरलला हात लावणं, त्यावर उभं राहणं, मासे मारणं सगळ्यालाच बंदी आहे. बोटीसुद्धा नांगर टाकत नाहीत, कायम बांधलेल्या बोयांना दोर लावतात. मालवणात किल्ल्याजवळ नांगर खडकावर धाडकन पडताना मी लहानपणापासून बघितलाय, त्यामुळे हे बघून जरा हेवा वाटला.

आता तक्रार. एकदा आम्ही दुसऱ्याच एका दुकानाकडून बुकिंग केलं होतं. फोनवर विचारलं, स्टॅच्यूला नेणार ना? "येस, ऑफ कोर्स." धक्क्यावर पोचलो, पैसे भरले, सह्या केल्या, फिन्स (पायात घालायची वल्ही) मापून झाले, आणि मग कॅप्टनने सांगितलं की वारा पूर्वेचा आहे, लाटा आहेत, आज स्टॅच्यू नाही. कॅप्टनचं काही चुकलं नाही. ड्राय रॉक्स उथळ आहे, लाट असली की तिथे पाणी नुसतं हेलकावतं, खालचं सगळं ढवळून निघतं आणि स्नॉर्कलवाले कोरलवर आपटू शकतात. कुठे जायचं हे वाऱ्यावर ठरतं आणि ते कॅप्टननेच ठरवायला हवं. चीड आली ती फोनवरच्या 'ऑफ कोर्स'ची. पावतीच्या मागे बारीक अक्षरात जागा बदलण्याचा हक्क लिहिलेला होता, पैसे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या रीफवर नेलं, तिथे मासे छान होते, पण सासूबाईंना फोटोत काय दाखवायचं?

म्हणून हे करा. बुकिंग करताना 'स्टॅच्यूला नेता का' असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. 'गेल्या आठवड्यात किती वेळा गेलात' असं विचारा. ज्या बाईने मला सरळ सांगितलं की गेले चार दिवस जमलेलं नाही, उद्या सकाळी सातला फोन कर, तिच्याकडेच आम्ही पुढच्या वेळी गेलो. उन्हाळ्यात समुद्र तुलनेने शांत असतो. थंडीत उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट आली की दिवसच्या दिवस बोटी स्टॅच्यूकडे फिरकत नाहीत. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, तो धोका वेगळा. आम्हाला मे महिना लाभला. पाणी कोमट, मला पातळ वेटसूटसुद्धा नको वाटला.

खर्चाचं म्हणाल तर स्नॉर्कलिंगला माणशी 50-60 डॉलरच्या आसपास, मास्क-फिन्सचे काही ठिकाणी वेगळे. दोन टाक्यांचा डाइव्ह शंभरच्या बराच पुढे जातो, त्यातला एक थांबा स्टॅच्यूचा, हवा असेल तर. बोटीवरच्या पोरांना टिप द्यावी लागते, ती धरून चाला. चष्मा असेल तर नंबरचा मास्क भाड्याने मिळतो का ते आधी विचारा. नवऱ्याला मिळाला, आणि त्याच्या सगळ्या फुशारकीचं मूळ तिथेच आहे.

धक्क्यापासून रीफ साधारण सहा मैल, बोटीला अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीला खारफुटीच्या खाडीतून हळूहळू जातात, तिथवर सगळे हसतखेळत असतात. बाहेर पडल्यावर निम्मी बोट गप्प होते. आले पाक खिशात ठेवा, चालतो. बोट बोयाला बांधल्यावर हलते ती सगळ्यात वाईट, तेव्हा वर बसून राहू नका, पाण्यात उतरा, मळमळ कमी होते. हे आमच्याकडच्या होडीवाल्यांनी शिकवलेलं, अटलांटिकलाही लागू पडलं.

बोटीखाली एखादा बॅराकुडा हमखास असतो. हातभर लांब, तोंड अर्धवट उघडं, दात दिसतायत, आणि जागचा हलत नाही. तो काही करत नाही. चमकणारी अंगठी-साखळी मात्र काढून ठेवा.

मालवणशी तुलना लोक विचारतातच. मालवणला पोहता न येणारा माणूसही डाइव्ह करून येतो, मागे इन्स्ट्रक्टर धरून असतो, वर गाणं लावलेला व्हिडिओ मिळतो. इथे कार्ड नसेल तर टाकी लावून असं सहज उतरवत नाहीत, त्याला वेगळा कोर्स आणि वेगळे पैसे. पाणी इथे कितीतरी स्वच्छ, चांगल्या दिवशी बोटीवरूनच मूर्तीची हिरवट सावली दिसते. पण जिवंत कोरल बघायच्या आशेने येणार असाल तर थोडं मन घट्ट करून या. 2014 पासून फ्लोरिडात कोरलला एक रोग लागलाय, त्यात 2023 चा उन्हाळा आला. त्या जुलैत मॅनटी बे नावाच्या उथळ खाडीत पाण्याचं तापमान 38.4 अंश मोजलं गेलं. कीजमधलं एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न, म्हणजे शिंगांसारख्या फांद्यांचं, कोरल जवळजवळ सगळं गेलं. ड्राय रॉक्सवर आता बरंचसं नुसतं खडकासारखं आहे, वर समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराची मऊ कोरलं) डुलतायत, मासे भरपूर. जुन्या फोटोंत मूर्तीभोवती जी शिंगाळ कोरलं दिसतात ती शोधत बसू नका.

सासूबाईंना पाण्यात उतरायचं नव्हतं. त्यांच्यासाठी जॉन पेनेकॅम्प पार्कमधून काचेच्या तळाची बोट सुटते. हा पार्क म्हणजे अमेरिकेतला पहिला समुद्राखालचा पार्क, हायवेवर मैलाचा दगड 102.5 च्या जवळ. पण नीट लक्षात घ्या, त्या बोटीने आम्हाला मोलॅसेस रीफवर नेलं, स्टॅच्यूला नाही. तिकीट काढताना शेजारच्या रांगेतल्या एका गुजराती कुटुंबाला हे माहीत नव्हतं आणि त्यांचे आजोबा बिचारे शेवटपर्यंत काचेत येशू शोधत होते. सासूबाईंना समुद्री कासव दिसलं, त्या खूश. पार्कातच तळ दिसेल इतक्या उथळ पाण्याचा छोटा किनारा आहे, लहान मुलांना मास्कची सवय तिथे आदल्या दिवशी करून घ्या. आमच्या लेकीने तिथे तासभर स्नॉर्कलमधून पाणी गिळून घेतलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रीफवर तिचं रडगाणं झालं नाही.

स्टॅच्यूला स्नॉर्कलिंगने पाचपैकी साडेचार, स्कूबाने तीन. अर्धा गुण कापला तो गर्दीचा. शनिवारी तिथे एकाच वेळी चार बोटी लागतात आणि प्रत्येकाला हातांच्या बरोबर वर तरंगत सेल्फी हवा असतो. मंगळवार-बुधवार गाठा, सकाळची पहिली बोट धरा.