‘अखंड फोर्ज्ड’ पाना आणि त्याच्या मानेतली चीर

विमानं दुरुस्त करणाऱ्या कुणाचीही हत्यारांची पेटी उघडा, कापलेला, वाकवलेला, घासून पातळ केलेला एक तरी पाना निघेलच. लायकॉमिंग कंपनीच्या विमान-इंजिनात सिलिंडरच्या बुडाचे नट आवळायला साधा पाना शिरतच नाही. मीही असे पाने बनवलेत. त्यामुळे तक्रार जुगाडाबद्दल नाही, तो लपवून विकण्याबद्दल आहे.

टॉर्क रेंचला (ठरवलेला जोर पडला की क्लिक देणारा पाना) पुढे जोडायचा, याच बुडाच्या नटांसाठीचा बेस नट पाना मी ऑनलाइन घेतला. जाहिरातीत लिहिलेलं: अखंड फोर्ज्ड (एकाच तुकड्यातून ठोकून घडवलेला), क्रोम व्हॅनेडियम पोलाद, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (माप अचूक असल्याचा दाखला). त्या सर्टिफिकेटलाच भुललो. खरं तर शंका तिथंच यायला हवी होती. हा पाना म्हणजे नुसता जोड, त्याचं कसलं कॅलिब्रेशन? ते करतात टॉर्क रेंचचं. जोड सरळ रेषेत लावला की रेंच लांबतो, म्हणून सेटिंग कमी करावं लागतं. रेंच 12 इंची, जोड 2 इंची आणि नटावर हवेत 600 इंच-पाउंड (पिळण्याच्या जोराचं माप), तर 600 गुणिले 12 भागिले 14, म्हणजे साधारण 514. विक्रेता म्हणाला, "हिशोब कशाला करता? सर्टिफाइड आहे, थेट 600 लावा." तसं केलं असतं तर नटावर 700 पडले असते! जोड काटकोनात लावला तर ही भानगड नसते, पण त्या अडचणीत काटकोन मिळतो कुठे.

मी हिशोबानं आलेले 514 च धरले. नट दोन टप्प्यांत आवळायचे होते; 300 चा पहिला टप्पा नीट झाला. दुसऱ्यात ‘टक्’ आवाज आला, मला वाटलं रेंचनं क्लिक दिली. पाना बाहेर काढला तर मानेवर केसाएवढी चीर. चंदेरी रंग खरवडला, खाली वेल्डिंग. बाजारातला रिंग पाना कापून चौकोनी तुकड्याला चिकटवलेला. तापवल्यामुळे पोलादही मऊ पडलेलं; माझ्या जुन्या पान्यावर कानस जेमतेम ओरखडा काढते, इथं भुगा पडत होता.

त्या सिलिंडरचे सगळे नट सैल करून पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आवळले. अख्खी दुपार गेली.

पैसे परत मागितले, तर "वापरलेलं हत्यार परत घेत नाही." दुसऱ्या मेसेजनंतर ब्लॉक.

असा पाना घेणार असाल तर मानेचा, रंग काढलेल्या धातूचा फोटो मागा. जाहिरातीतल्या चारही फोटोंत पाना एकाच बाजूने दिसतो, हे मला नंतर दिसलं. ती जाहिरात अजून आहे, फक्त विक्रेत्याचं नाव बदललंय.