कात्रज ते सिंहगड, दिवसाउजेडी: जुलैपासून मार्चपर्यंतचा अनुभव

कात्रज ते सिंहगड ही वाट बहुतेक जण रात्री चालतात, शक्यतो पौर्णिमा गाठून. मी जुलैपासून मार्चपर्यंत ती दिवसा चालले, वेगवेगळ्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर. आता कुणी विचारलं की सांगते, दिवसाच जा आणि चांगला लीडर बघून जा.

जुन्या कात्रज बोगद्यापासून चढायला सुरुवात होते. मग भुलेश्वर रांगेची धार धरून पश्चिमेकडे जायचं आणि शेवटी सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरायचं. अंतर साधारण १५-१६ किलोमीटर. मधे तेरा टेकड्या आहेत असं सगळे सांगतात, पण टेकडी कुठली आणि नुसता उंचवटा कुठला यावर दर वेळी वाद रंगतो. सपाटीवर एवढं अंतर काहीच नाही. इथे मात्र मिळवलेली उंची लगेच पुढच्या खिंडीत घालवावी लागते आणि पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं. आरामात चाललं तर आठ-दहा तास जातात.

दमछाक चढावर होते, पण खरा कस लागतो उतारावर. मुरमाड घसारा, त्यावर सुकलेलं गवत, पाय ठेवला की खडे सुटतात. पहिल्यांदा येणारे इथेच घाबरतात, आणि लीडर कसा आहे ते इथेच कळतं. डिसेंबरातल्या ट्रेकला एक मुलगी उतारावर बसूनच राहिली होती. लीडरने तिला घाई केली नाही. तो तिच्या खालच्या बाजूला आडवा उभा राहिला, पाऊल तिरकं टाकायला आणि गुडघे जरा सैल सोडायला सांगितलं, आणि वरच्यांना थांबवून धरलं, म्हणजे कुणाच्या पायाखालचा दगड तिच्यावर यायला नको. पुढच्या टेकड्या ती आपली आपण उतरली.

वाट तर मळलेली आहे, मग लीडर कशाला, असं बरेच जण म्हणतात. आकाश मोकळं असेल तर सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर लांबून दिसत राहतो, उजवीकडे पुणं पसरलेलं असतं, डावीकडे खेड-शिवापूरचा भाग. पण ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. धारेला दोन्ही बाजूंना सोंडा, म्हणजे खाली उतरत जाणारे डोंगराचे फाटे, फुटतात आणि चुकीची सोंड सुरुवातीला अगदी बरोबरच वाटते. त्या दिवशी आमचा लीडर एका फाट्यावर सगळ्यांना बसवून एकटा पुढे गेला, खात्री करून परत आला आणि मगच आम्हाला उठवलं. ऑक्टोबरात दुपारी ढग गडगडायला लागल्यावर त्यानेच ट्रेक अर्ध्यावर थांबवून आम्हाला खाली उतरवलं. काहींनी तिथेच पैसे परत मागितले. उघड्या धारेवर विजेपासून आडोसा कुठेच नसतो, त्याचा निर्णय मला शंभर टक्के पटला.

उलटा अनुभवही आला. सप्टेंबरात एका ग्रुपने एवढी गर्दी जमवली की पुढचे आणि मागचे यांच्यात दोन टेकड्यांचं अंतर पडलं, आणि शेवटाला त्यांचा एकही माणूस नव्हता. मागे राहिलेल्यांचं पाणी संपलं तेव्हा आमच्याच बाटल्या फिरल्या. वाटेत पाणी मिळत नाही, घरूनच चार लिटर घेऊन निघा. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: किती लोक, किती लीडर, सर्वांत मागे कोण चालणार, वाट सोडून खाली उतरायची वेळ आली तर कुठून. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यामुळे ग्रुपची नोंदणी आहे का हेही विचारा. चांगले लोक या प्रश्नांनी चिडत नाहीत.

ऋतूंपैकी माझी पसंती डिसेंबर-जानेवारीला. सकाळी थंडी, हवा स्वच्छ, पायाखालची माती कोरडी. सप्टेंबरात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात, ते एकदा तरी बघायलाच हवं, पण निसरडं फार. मार्चमध्ये मी पुन्हा जाणार नाही. सावलीचं झाड शोधावं लागतं आणि काही टेकड्या वणव्याने काळ्या पडलेल्या होत्या. ते बघून जीव तुटतो.

बरेच ग्रुप घाटरस्त्यावरच ट्रेक संपवतात. पाय चालत असतील तर गडावर जाच. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, तानाजी मालुसरे यांच्या समाधीपाशी थोडं थांबा. खाली यायला जीप मिळते, पण संध्याकाळी, त्यातही रविवारी, गर्दी मोठी असते. परतीची गाडी ग्रुपची असेल तर ती नक्की कुठे उभी राहणार आहे ते सकाळीच विचारून घ्या, कारण गडाखाली अंधारात ती शोधत फिरायची ताकद तेव्हा उरलेली नसते.