पहिला पिक कुणावर? रनिंग बॅक की वाइड रिसीव्हर

अमेरिकेतल्या ऑफिसात ऑगस्ट उजाडला की कुणीतरी विचारतंच, "आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, येतोस का?" क्रिकेटचे फँटसी संघ लावायची सवय असलेला आपला माणूस चटकन हो म्हणतो आणि ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या, दिवशी अडकतो. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि खेळाडू एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधले. इथे एक खेळाडू एकाच संघात जातो. बारा जणांच्या स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीला क्रम उलटतो) तुमचा नंबर सातवा असेल, तर पुढची पाळी थेट अठराव्या पिकला. मधल्या दहा पिकमध्ये पुष्कळ काही हातचं निघून जातं.

सगळ्यात आधी लीगचे गुण कसे मोजतात ते बघा. २०२४ च्या हंगामातली दोन नावं घेऊ. ईगल्स संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सॅक्वॉन बार्कली याने धावून २,००५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केले, शिवाय ३३ झेलांवर २७८ यार्ड आणि २ टचडाउन. बेंगल्स संघाचा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस याने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन. दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण धरले, की बार्कली ३१८ च्या आसपास आणि चेस २७३. आता प्रत्येक झेलाला एक गुण द्या, म्हणजेच पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन): बार्कली ३५१, चेस जवळपास ४००. खेळाडू तेच, हंगाम तोच, पण क्रम उलटा. झेलाला गुण नसतील तर मी पहिला रनिंग बॅक घेईन, पूर्ण पीपीआर असेल तर वाइड रिसीव्हर.

रनिंग बॅकच्या बाजूने मुद्दा टंचाईचा. बारा संघांना दोन-दोन म्हणजे चोवीस लागतात, वर फ्लेक्सच्या (बॅक, रिसीव्हर वगैरे कुणीही चालणाऱ्या) जागेवरही अनेक जण तोच लावतात. एनएफएलमध्ये संघ ३२, आणि त्यातले कितीतरी चेंडू दोघांत वाटून देतात. भरवशाचे बॅक म्हणूनच भराभर संपतात. पण या जागेवर मार फार बसतो. क्रिश्चन मॅकॅफ्रीने २०२३ मध्ये २१ टचडाउन केले. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बहुतेकांच्या यादीत तोच पहिला होता आणि दुखापतींमुळे चारच सामने खेळला. शिवाय मुख्य बॅक जायबंदी झाला की त्याच्या बदल्याला एकदम भरपूर चेंडू मिळतात, आणि असा बदली खेळाडू हंगामाच्या मध्यात वेव्हरवरून (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून) फुकट मिळू शकतो. रिसीव्हरच्या बाबतीत हे क्वचित घडतं. त्याच्या वाटणीचे पास चार जणांत विखुरतात.

पहिले चार-पाच राउंड बॅक घ्यायचाच नाही, या 'झीरो आरबी' (आरबी म्हणजे रनिंग बॅक) चालीचा पाया हाच आहे. नवख्याने मात्र ती खेळू नये. दर आठवड्याला वेव्हरवर डोळा ठेवणं ही सवय लागायला एक हंगाम तरी जातो. पहिल्या तीन राउंडमध्ये एक चांगला बॅक आणि दोन रिसीव्हर ही मांडणी मला जास्त पटते.

क्वार्टरबॅक (पास फेकणारा) सर्वाधिक गुण करतो, म्हणून त्याला आधी घ्यावंसं वाटतं. थांबा. बारा संघांना बाराच हवेत आणि खेळणारे ३२ आहेत. सहाव्या-सातव्या राउंडलाही ठीक माणूस मिळतो. दोन सारखे वाटले तर पळणारा घ्या: पंचवीस पासिंग यार्डांना एक गुण, धावण्याच्या दहा यार्डांनाच एक. लमार जॅक्सनचे २०२४ मधले धावून केलेले ९१५ यार्ड म्हणजे पासच्या जवळपास २,३०० यार्डांची बरोबरी. लीगमध्ये दोन क्वार्टरबॅक लावता येत असतील तर मात्र हे सगळं विसरा आणि पहिल्याच दोन राउंडमध्ये एक घ्या.

टाइट एंडला (अडवणारा आणि पासही झेलणारा) एकतर अगदी वरचा घ्या, नाहीतर शेवटाकडे. २०२२ मध्ये ट्रॅव्हिस केल्सीचे पीपीआर गुण ३१६ च्या आसपास होते, मिनेसोटात गेलेल्या टी. जे. हॉकेन्सनचे सुमारे २१५. आठवड्याला सहा गुणांची आघाडी, तीही एकाच जागेवर! तसा खेळाडू तिसऱ्या राउंडला दिसला तर सोडू नका. पाचव्या-सहाव्यातला मधला टाइट एंड घेण्यापेक्षा तिथे तिसरा रिसीव्हर बरा.

किकर (चेंडू लाथाडून गुण मिळवणारा) आणि डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचाव फळी) शेवटच्या दोन राउंडमध्ये.