एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे एकाच टीव्हीला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे हे हाय-डेफिनिशन सिनेमांच्या डिस्कचे दोन प्रतिस्पर्धी प्रकार. तोशिबाने 19 फेब्रुवारी 2008 रोजी एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला. तरी सेकंडहँड एचडी-ए2 (तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर) आणि साधा ब्लू-रे प्लेअर एकाच टीव्हीला जोडून वापरायचा असेल, तर आधीच सांगतो: चित्रात हार-जीत शोधू नका. खरा फरक डिस्क किती टिकतात यात आहे.

लेझर दोन्हीकडे 405 नॅनोमीटरचाच. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून 0.1 मिलिमीटरवर, तर एचडी डीव्हीडीत 0.6 वर, म्हणजे साध्या डीव्हीडीइतकाच. म्हणून एचडी डीव्हीडी जुन्याच यंत्रांवर थोड्या बदलांनी छापता येत होती. ब्लू-रेला नवी यंत्रं आणि वर कडक लेप लागला. बदल्यात ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या 15. व्हिडिओ बिटरेटची (दर सेकंदाला वापरायच्या माहितीची) मर्यादा 40 विरुद्ध 29.4 मेगाबिट. कागदावर ब्लू-रे सरस, पण एकाच मूळ प्रतीवरून व्हीसी-1 या व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये केलेला सिनेमा दोन्हीकडे सारखाच दिसतो. उलट सुरुवातीच्या, 25 जीबीत एमपेग-2 (जुनं कॉम्प्रेशन) कोंबलेल्या काही ब्लू-रे आज फिक्या वाटतात.

एचडी-ए2 1080आयच (प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत) देतो, 1080पी (पूर्ण चित्र एकदम) नाही. सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा नीट जुळवण्याचं काम मग टीव्हीवर पडतं. टीव्हीत ‘फिल्म मोड’ किंवा ‘सिनेमा’ असा पर्याय असेल तर चालू करा, नाहीतर कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देतं. एचडीएमआयचा आवाज पीसीएमवर (कॉम्प्रेस न केलेला आवाज) ठेवा. चित्र आलंच नाही तर आधी टीव्ही सुरू करून मग प्लेअर लावा. एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या सुरक्षेची) ओळखपरेड बहुतेक वेळा तिथेच अडते.

अमेरिकेतून आणलेला प्लेअर 120 व्होल्टचा असतो. भारतात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तोही प्लेअरच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. थेट 230 व्होल्ट दिले की पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. एचडी डीव्हीडीला रीजन कोडच (डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन) नाही, हे मोठं सुख (प्लेअरवरची साधी डीव्हीडी मात्र रीजन 1 मध्येच अडकते). ब्लू-रेमध्ये भारत रीजन सी आणि अमेरिका ए, त्यामुळे तिकडची डिस्क मागवताना कोड बघावाच लागतो.

आता डिस्कबद्दल. एचडी डीव्हीडी वरून चकचकीत दिसते, पण मध्येच, बऱ्याचदा थर बदलताना, गोठते. दोष ओरखड्याचा नसून आतल्या थराचा असतो, त्यामुळे पुसून किंवा पॉलिश करून काही होत नाही. एका बाजूला डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी असलेल्या दुहेरी डिस्क सर्वांत बेभरवशाच्या. सेकंडहँड घेताना नुसता मेनू उघडून समाधान मानू नका. शेवटच्या प्रकरणापर्यंत चालवून बघा.

चालताहेत तोवर कॉपी करून ठेवा. एक्सबॉक्स 360 चा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो, फक्त त्याचा वेगळा अडॅप्टर सोबत आहे ना ते घेताना बघा. मेकएमकेव्ही हे डिस्क कॉपी करणारं सॉफ्टवेअर ही डिस्क वाचतं. दोन थरांची एक डिस्क जास्तीत जास्त 30 जीबीची, म्हणजे 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण तीस सिनेमे बसतात. ज्या डिस्क आताच अडखळतात त्यांची कॉपी आधी करा.