पाउल बॉयमरची गाळलेली रजा : ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (२०२२)

एरिक मारिया रेमार्क यांच्या पहिल्या महायुद्धावरील १९२९ च्या जर्मन कादंबरीवर एडवर्ड बर्गर यांनी केलेला हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. सैनिकाच्या देहाचे हाल त्यात विलक्षण ताकदीने येतात. मनाचे हाल मात्र निम्मेच उतरतात, असे माझे मत आहे.

सुरुवातीचा प्रसंग कादंबरीत नाही, तरीही तो मला सर्वांत अर्थपूर्ण वाटला. मेलेल्या सैनिकाचा गणवेश उतरवून धुतला जातो, त्याची भोके शिलाई यंत्रावर बुजवली जातात आणि नव्याने भरती झालेल्या पाउल बॉयमरच्या हाती तो येतो, तेव्हा आत आधीच्याच्या नावाची पट्टी तशीच असते. पुढे तोफगोळ्याच्या खड्ड्यात पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, त्याची घरघर ऐकवेना म्हणून त्याच्या तोंडात चिखल कोंबतो आणि थोड्याच वेळात त्यालाच जगवण्याची धडपड करतो. पाउलची भूमिका करणाऱ्या फेलिक्स कामेरर यांनी हा पालट संवादांचा फारसा आधार न घेता केवळ चेहऱ्यावर दाखवला आहे.

कादंबरीत याहून खोल जखम रजेच्या दिवसांत होते. आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांना मुलाने गणवेशात चारचौघांत यावे असे वाटते, गावातली प्रतिष्ठित माणसे युद्ध कसे जिंकावे हे त्यालाच समजावतात आणि एकेकाळी जीव की प्राण असलेली पुस्तके त्याच्याशी बोलेनाशी होतात. घरीच परका झालेला हा मुलगा याच कादंबरीवरच्या लुइस माइलस्टोन यांच्या १९३० च्या चित्रपटात आहे. बर्गर यांनी तो भागच वगळून शस्त्रसंधीच्या वाटाघाटींना जागा दिली. इतिहास म्हणून त्या महत्त्वाच्या आहेत, परंतु त्यांच्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी आहे.

शेवटही बदलला आहे. कादंबरीतला पाउल ऑक्टोबर १९१८ मध्ये इतक्या शांत दिवशी पडतो की, लष्करी अहवालात नोंद करण्याजोगे काहीच नसते. चित्रपटात ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधी लागू होण्याच्या तोंडावर एक जनरल हल्ल्याचा हुकूम सोडतो. त्यामुळे संतापाला एक धनी मिळतो आणि कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या मरणाची मूळ वेदना बोथट होते.

चित्रपट मूळ जर्मन संवादांसह, उपशीर्षके लावून पाहावा. लष्करी रुग्णालयातील एक दृश्य फार भयंकर आहे, त्यामुळे तो मुलांसोबत पाहू नये.